परमुलुखातलं बिऱ्हाड आणि दाराशी आलेलं युद्ध

पूर्वी नवऱ्याची बदली नागपूरहून मुंबईला झाली तरी आईच्या डोळ्यांना पदर लागायचा. आता लेक-जावई नैरोबीला, मस्कतला, लागोसला निघाले तरी आपण मेतकुटाची पुडी आणि भाजणीचा डबा सामानात कोंबतो आणि हसून निरोप देतो. संसार कुठंही मांडता येतो, हे आपल्या मुलींनी सिद्ध करून दाखवलं आहे.

पण या सदराकडे अलीकडे वेगळीच पत्रं येऊ लागली आहेत. एका भगिनींनी विचारलं आहे, "जावयांना आफ्रिकेत तीन वर्षांचं काम मिळालं आहे. पगार उत्तम, घर कंपनीचं. मात्र त्या देशातल्या बातम्या बऱ्या नाहीत. लेकीनं सोबत जावं का? आणि गेलीच तर कशी तयारी ठेवावी?"

जाऊ नको म्हणणं फार सोपं. पण नवीन लग्न झालेल्या जोडप्यानं तीन वर्षं दोन टोकांना राहावं, हाही काही संसार नव्हे. तेव्हा घाबरण्यापेक्षा समजून घेऊ या. त्यासाठी फार मागं जायला नको. २०२३ साली सुदानमध्ये जे घडलं, तेच नीट पाहू या.

शनिवारची सकाळ

सुदानची राजधानी खार्तूम. निळी नाईल आणि पांढरी नाईल जिथं एकमेकींना भेटतात, त्या संगमावर वसलेलं शहर. नदीच्या पलीकडे ओमदुरमान आणि बाहरी ही त्याची जोडशहरं. इथं भारतीय मंडळी बरीच होती. आपल्या सरकारच्या अंदाजानं नोकरी-धंद्यासाठी गेलेले सुमारे २८०० आणि पिढ्यान् पिढ्या तिथंच राहिलेले सुमारे १२००. व्यापारासाठी गेलेल्या गुजराती कुटुंबांना तर तिथं शंभराहून अधिक वर्षं झाली होती. आपल्या सांगली भागातली काही मंडळीही तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला होती.

२०१९ साली तीस वर्षं गादीवर असलेल्या राष्ट्राध्यक्ष बशीर यांना दूर करण्यात आलं. पुढं २०२१ मध्ये लष्करानं सत्ता आपल्या हाती घेतली. मात्र तिथं बंदुका दोघांच्या हाती होत्या. एक जनरल बुरहान यांचं सरकारी लष्कर आणि दुसरी 'हेमेदती' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दगालो यांची निमलष्करी फौज. ही फौज लष्करात कधी आणि कशी मिसळायची यावरून दोघांचं बिनसलं. एका घरात दोन चुली मांडल्या की धूर कोंडायचाच! १३ एप्रिलला लष्करानं जाहीर इशारा दिला की दुसरी फौज परवानगीशिवाय हालचाली करते आहे. १५ एप्रिलला, शनिवारी सकाळी, भर शहरात गोळीबार सुरू झाला.

रमजानचा महिना होता. ईद आठवड्यावर आलेली. लोक रोजे धरून होते, बायका सणाच्या खरेदीच्या विचारात होत्या. आणि लढाई सुरू झाली ती कुठं सीमेवर नाही, तर शहराच्या मध्यावर असलेल्या विमानतळाभोवती.

ही गोष्ट मनात पक्की धरा. "तसंच काही झालं तर पहिलं विमान पकडून येऊ," असं आपली मुलं सांगतात. खार्तूममध्ये पहिल्याच दिवशी बंद पडलं ते विमानतळ. इशारा आणि गोळी यांच्यात अंतर होतं अवघं दोन दिवसांचं.

चार खोल्यांचं घर, एक बोळ

त्या सकाळी आपल्या दूतावासानं भारतीयांना सांगितलं की घरातच राहा, बाहेर पडू नका. घरात राहणं म्हणजे काय, हे आपण बायकांना वेगळं सांगायला नको. पण गोळीबारात घराचा अर्थच बदलतो. समोरची हवेशीर खोली, जिच्या खिडकीसाठी आपण ते घर पसंत केलेलं असतं, तीच सगळ्यात धोक्याची ठरते. त्या पहिल्याच दिवशी एक भारतीय नोकरदार राहत्या घरात बंदुकीची गोळी लागून दगावले.

म्हणून परक्या मुलुखात घर लावताना मुलीनं एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच बघून ठेवावी. बाहेरच्या रस्त्यात आणि आपल्यात दोन भिंती येतील अशी घरातली जागा कोणती? बहुधा ती आतला बोळ असते, न्हाणीघर असतं, नाहीतर कोठीची खोली. गाद्या तिथं. पाण्याचा कॅन तिथं. खिडक्यांना जाड पडदे, रात्री दिवे बंद. आणि आवाज आला की गच्चीवर जाऊन बघायची आपली जी सवय आहे ना, ती इथंच ठेवून जायची.

खार्तूममध्ये लवकरच वीज गेली आणि अनेक वस्त्यांत नळही कोरडे पडले. एप्रिलमध्ये तिथला पारा चाळिशीपार असतो. बस भरून निघण्याइतपत वाट मोकळी व्हायला बहुतेकांना आठवडा ते दहा दिवस लागले. काहींना त्याहून जास्त. म्हणून बेगमी करायची ती पंधरा दिवसांची.

हिशेब सोपा आहे. दोघांना पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला दहा लिटर पाणी धरा. पंधरा दिवसांचं झालं दीडशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ कॅन. पलंगाखाली मावतात. दर महिन्याला त्यातलं पाणी वापरून टाकायचं आणि ताजं भरायचं. वापरायच्या पाण्यासाठी बादल्या, पिंप, पातेली, जे असेल ते पहिली बातमी येताच भरून घ्यायचं. नळ बंद झाल्यावर हळहळून उपयोग नाही. पाणी उकळायला गॅस जळतो, म्हणून शुद्धीकरणाच्या गोळ्या आणि स्वच्छ मलमल जवळ असू द्यावी.

स्वयंपाकाचाही क्रम असतो. वीज गेली की फ्रीजमधलं आधी संपवायचं. दूध तापवून आटवून ठेवा, भाज्या शिजवून त्या दिवशीच खा. मग डाळ-तांदूळ. आणि गॅसही जपायची वेळ आली तर? तिथं आपली आजीची शिदोरी कामाला येते. सातूचं पीठ, पोहे, मेतकूट, भाजलेली कणीक, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर. चूल न पेटवता पोट भरणारे हे पदार्थ. भाजणीच्या डब्याला आपली मुलं हसतात, पण अशा वेळी तो डबाच चार दिवस काढून देतो. औषधांचंही तसंच. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या, ओ.आर.एस.ची पाकिटं आणि आपल्या पाळीचं सामान, दोन महिन्यांचं जास्तीचं.

खरा पेच

पण मैत्रिणींनो, पाणी आणि पीठ हा सोपा भाग झाला. अवघड भाग वेगळाच आहे. निघायचं की थांबायचं?

अशा प्रत्येक घरात या प्रश्नावर नवरा-बायकोची दोन मतं होतात. नवऱ्याचं म्हणणं असतं, दोन महिन्यांचा पगार अडकलाय, करार मोडला तर शेवटची रक्कम हातची जाईल, चार दिवसांत निवळेल. बायकोचं म्हणणं असतं, जीव वाचला तर पगार. कधी याच्या उलटही होतं. तो निघू म्हणतो आणि तिचा पाय निघत नाही, कारण पै-पै जमवून घेतलेलं सामान, लावलेली तुळस, मुलाची शाळा सगळं तिथं असतं. दोघांपैकी कुणीही वेडं नसतं. दोघंही संसाराचाच विचार करत असतात.

त्यात आणखी एक गुंता असतो. पुष्कळ मुली तिकडे नवऱ्याच्या व्हिसावर असतात. मुक्कामाचा परवाना त्याच्या नोकरीवर, घर त्याच्या कंपनीचं, बँकेचं खातं त्याच्या नावावर. म्हणून तिचं मत घरात आपोआप हलकं ठरतं. "तुला काय कळतंय राजकारणातलं?" हे वाक्य खार्तूम असो की खामगाव, सारखंच ऐकू येतं.

पण जरा विचार करा. नवऱ्याला बातमी कळते ती कचेरीतून, साहेबांकडून, वर्तमानपत्रातून. बायकोला ती बाजारातून कळते. वाणी उधार द्यायचं अचानक बंद करतो. साखर आणि रॉकेल एका आठवड्यात दोनदा महागतं. कामाला येणारी बाई म्हणते, "ताई, मी मुलांना गावी पाठवलं." कोपऱ्यावर वाळूच्या गोण्या रचल्या जातात. शेजारचं परदेशी कुटुंब 'सुट्टीवर' जातं आणि सोबत चार ट्रंका नेतं. या खुणा साहेबांच्या कागदावर उशिरा येतात. म्हणून घरातल्या बाईचं मत हे भित्रेपण समजू नये. तीही बातमीच असते.

यावर उपाय एकच, आणि तो लढाई पेटायच्या आधीचा आहे. शांततेच्या दिवसांत, चहा घेताना, दोघांनी मिळून कागदावर लिहायचं की काय झालं की आपण निघू. उदाहरणार्थ: शहरात सैन्याच्या चौक्या बसल्या तर बायको-मुलांनी त्याच आठवड्यात निघायचं. मुलांची शाळा बेमुदत बंद झाली तर दोघांनी निघायचं. दुसऱ्या देशांनी आपल्या वकिलातीतल्या माणसांची कुटुंबं परत बोलावली तर पगाराची वाट पाहायची नाही. अशा तीन-चार खुणा ठरवून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायचा. मग ती वेळ आली की भांडण उरत नाही, ठरलेलं पाळायचं असतं. खोलीत भिंती हादरत असताना कुणालाच शहाणा निर्णय घेता येत नाही. त्याला नाही, तिलाही नाही.

आणि आधी एकानं निघायचं ठरलं, तर ते "तू मला टाकून गेलीस" असं होऊ नये, म्हणून तेही आधीच बोलून ठेवावं. तिनं मुलांना घेऊन पुढं जाणं हीसुद्धा घराची वाटणी केलेली जबाबदारीच आहे.

निघताना

सुदानमधून आपल्या लोकांना आणण्यासाठी सरकारनं 'ऑपरेशन कावेरी' ही मोहीम २४ एप्रिलला जाहीर केली. खार्तूमहून तांबड्या समुद्रावरच्या पोर्ट सुदान बंदरापर्यंत सुमारे साडेआठशे किलोमीटरची वाट होती, तीही बसनं, नाक्यानाक्यावर थांबत. तिथून नौदलाची जहाजं आणि हवाई दलाची विमानं लोकांना समुद्रापलीकडे सौदी अरेबियातल्या जेद्दाहला नेत. 'सुमेधा' जहाजातून पहिले २७८ जण निघाले. हवाई दलाच्या एका विमानानं २७ एप्रिलला २४६ जणांना थेट आपल्या मुंबईत आणून सोडलं. ज्यांना बंदर गाठणं शक्यच नव्हतं, अशा १२१ जणांना खार्तूमच्या उत्तरेला असलेल्या वादी सय्यदना इथल्या धावपट्टीवरून रात्रीच्या काळोखात उचललं. तिथं दिवे नव्हते. वैमानिकांनी अंधारात दिसणारे चष्मे लावून विमान उतरवलं. त्या प्रवाशांत एक गरोदर स्त्रीही होती. ५ मेपर्यंत एकूण ३८६२ जण सुखरूप बाहेर आले.

हे वाचून अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण यातून गृहिणीनं आपल्यापुरता धडा घ्यायचा तो असा की विमान येतं, पण त्या धावपट्टीपर्यंत आपलं आपल्याला पोचावं लागतं. बसला जागा मिळवावी लागते, तिचं भाडं एकदम कितीतरी पटींनी वाढतं आणि ते रोखीनं मागतात.

म्हणून एक पिशवी कायम भरलेली असू द्यावी. खांद्याला लावता येईल एवढीच, कारण सामान किती न्यायचं हे दुसरेच ठरवतात. पासपोर्ट नेहमी आपल्याजवळ असावेत. कित्येक ठिकाणी ते मालकाच्या कपाटात पडून असतात, ते मागून घ्यावेत. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शिक्षणाची प्रमाणपत्रं यांच्या प्रती पिशवीत, फोनमध्ये आणि इकडे माहेरी, अशा तीन ठिकाणी असाव्यात. थोडे डॉलर आणि थोडं तिथलं चलन, तेही लहान नोटांत आणि दोघांच्या अंगावर विभागून.

आणि एक कागद तर मुळीच विसरू नये. पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला! सुदानहून आलेल्यांपैकी काहींना तो नसल्यामुळं मायदेशी पाऊल ठेवल्यावरही काही दिवस अलग ठेवण्यात आलं. घर दिसतंय, पण जाता येत नाही! ही लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो.

दागिन्यांचं काय? खार्तूममध्ये घरांची लूटमार फार झाली. लग्नातलं सोनं इथल्या लॉकरमध्ये राहू द्यावं. गळ्यात साधे काळे मणी पुरेत. सौभाग्य मण्यांच्या वजनावर नसतं.

पोचल्याबरोबर आपल्या दूतावासात दोघांचीही नावं नोंदवावीत, फक्त नवऱ्याचं नव्हे. पत्ता बदलला की पुन्हा कळवावं. फोन लागत नाहीत तेव्हाही साधा लिखित संदेश पुष्कळदा जातो, म्हणून इकडच्यांनी दर तासाला फोन करून तिच्या बॅटरीचा जीव घेऊ नये. दिवसातून दोन वेळा ठरवाव्यात. "दोघं ठीक. पाणी आहे." एवढे चार शब्द आले तरी आईनं जेवून घ्यावं.

ज्यांना निघता येत नाही

आता एक गोष्ट, जी याद्यांत येत नाही. परदेशी माणसाच्या खिशात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असतो. शेजारणीकडे तो नसतो.

सुदानी लोक ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ भाकरी करतात, तिला 'किसरा' म्हणतात. आपल्या लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत पितात, त्याला 'करकदे' म्हणतात. घराबाहेर मातीचे मोठे रांजण पाण्यानं भरून ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्या तहानलेल्यासाठी. आपल्याकडची पाणपोईच ती! असा देश परका कसा म्हणायचा? आणि अडचणीत पहिली मदत येते ती दूतावासाकडून नाही, शेजारच्या दारातून येते. कुठली गल्ली आज मोकळी, कुणाच्या विहिरीला पाणी, कुठला बसवाला भरवशाचा, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून परमुलुखात गेल्यावर फक्त आपल्या मंडळातल्या लोकांतच हळदीकुंकू करत बसू नये. तिथल्या भाषेतले शंभर शब्द शिकावेत. शेजारणीकडे वाटी घेऊन जावं आणि तिची वाटी रिकामी पाठवू नये.

निघायची वेळ आली की कोठीत उरलेलं धान्य, गॅस, औषधं तिला द्यावीत. कामवाल्या बाईचा पगार चुकता करून, जमल्यास वर दोन महिन्यांचा द्यावा. "परत येऊ" असं खोटं वचन देऊ नये. त्या लढाईनं पुढं एक कोटीहून अधिक सुदानी माणसांना घराबाहेर काढलं. राजधानी लष्कराच्या ताब्यात परत यायला मार्च २०२५ उजाडला आणि देशाच्या इतर भागांत त्यानंतरही रक्त सांडत राहिलं. आपलं जोडपं बसमध्ये बसतं आणि शेजारीण दारात उभी राहते, तेव्हा मनाला जे टोचतं ते टोचू द्यावं.

परत आल्यावर

आणि हा भाग, वाचक भगिनींनो, खास तुमच्यासाठी. कारण ते जोडपं शेवटी येतं ते आपल्याच घरी.

जहाजातून, विमानातून उतरताना हारतुरे असतात, फोटो असतात. पंधरा दिवसांनी ते संपतात. मग उरतो तो नोकरी गेलेला मुलगा आणि सासरच्या मधल्या खोलीत दोन पिशव्यांवर संसार मांडलेली सून. शेजारपाजारचे विचारतात, "किती आणलंत बरोबर?" कुणी म्हणतं, "जायचंच कशाला असल्या देशात?" कुणी गंमत म्हणून बंदुकीच्या गोष्टी सांगायला लावतं. हे प्रश्न कृपा करून विचारू नका.

त्यांना झोप लागत नाही. दार आपटलं तरी दचकतात. दिवाळीत फटाके वाजले की मुलगी स्वयंपाकघरात जाऊन बसते. हे नाटक नाही, लाड नाहीत. शरीर अजून त्या बोळातच असतं, त्याला परत यायला वेळ लागतो. महिना-दोन महिने उलटूनही उतार पडला नाही, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नये. पाय मोडला तर आपण हाडाच्या डॉक्टरांकडे जातोच ना?

नवऱ्याला रिकामपण खातं. तो चिडतो, गप्प राहतो. तिकडे बोळात एकमेकांचा हात धरून बसलेली ती दोघं इकडे येऊन भांडू लागतात, कारण तिथं जीव वाचवण्याचं एकच काम होतं आणि इथं हजार आहेत. सासूबाईंनी, आईनं मध्ये न्याय करायला बसू नये. त्यांना स्वतंत्र खोली द्या, दाराला कडी असलेली. तिच्या हाती थोडे पैसे द्या, न मागता. आणि सहा महिने "पुढं काय?" हा प्रश्न जेवणाच्या पानावर आणू नका.

राहिला पत्रातल्या भगिनींचा प्रश्न. माझं मत विचाराल तर लेकीनं जावं, पण डोळे उघडे ठेवून आणि तो कपाटाच्या दाराचा कागद लिहून मगच. कराराच्या कागदावर सही करण्याआधी जावयांनी कंपनीला एक प्रश्न लेखी विचारावा: गडबड झाली तर आम्हा दोघांना बाहेर काढण्याची जबाबदारी आणि खर्च कोणाचा? उत्तर टाळलं, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, पुन्हा विचार करावा.

कात्रण काढून लेकीच्या सामानात ठेवा

- आतली सुरक्षित जागा पहिल्या आठवड्यात ठरवणे.
- पाणी आठ कॅन, कोरडं खाणं पंधरा दिवसांचं, औषधं दोन महिन्यांची जास्तीची.
- पासपोर्ट आपल्या हाती; सर्व कागद तीन ठिकाणी; पिवळा दाखला सोबत.
- दूतावासात दोघांचीही नोंद.
- रोख रक्कम लहान नोटांत, दोघांत विभागून. सोनं मायदेशी.
- शेजारणीचं नाव, तिच्या मुलांची नावं आणि तिच्या भाषेत 'पाणी', 'मदत', 'रस्ता', 'आभार' हे शब्द.
- निघण्याच्या खुणांचा कागद, दोघांच्या सह्यांनिशी.